नाशिकच्या उपनगरांतलं झाड कायद्याच्या कक्षेत कसं आलं?

नाशिकमध्ये रस्ता रुंद करायचा म्हटलं की वडाचा विषय निघतोच. पंचवटीला नावच पाच वडांवरून पडलं, तेव्हा त्यात नवल नाही. गंमत अशी, की महाराष्ट्रातल्या खासगी जमिनीवरच्या झाडांसाठी १९६४ साली जो वृक्षतोड विनियमन कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत वड नव्हताच. साग, खैर, चंदन, आंबा, फणस, चिंच, मोह, हिरडा, जांभूळ अशी लाकडाला किंवा फळाला भाव असलेली झाडं त्यात होती. पिंपळ, उंबर, कडुनिंब यांनाही जागा नव्हती. त्यांची राखण देवाच्या भीतीवर सोडलेली.

नागरी भागासाठी १९७५ साली वेगळा कायदा आला. त्याने जातीची भानगडच ठेवली नाही. झाड कुठलंही असो, बंगल्याच्या आवारातलं असो की रस्त्याकडेचं, ते तोडायला वृक्ष प्राधिकरणाची, म्हणजे महापालिका-नगरपालिकेतल्या झाडांसाठीच्या समितीची, परवानगी लागणार. ‘तोडणे’ या शब्दातही जाळणं, इजा पोहोचवणं हे सगळं धरलं. म्हणजे बुंध्यात अॅसिड ओतून झाड वाळवणाराही यातून सुटत नाही. अर्ज आला की वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची आणि त्या झाडावर दिसेल अशी नोटीस लावायची. माझ्या मते कायद्यातलं सर्वांत उपयोगी कलम हेच. आपल्या गल्लीतला गुलमोहर जाणार, हे बऱ्याच जणांना त्या चिकटवलेल्या कागदामुळेच कळतं.

नाशिकच्या उपनगरांना हा बदल जाणवला तो १९८२ नंतर. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व भोवतालची गावं मिळून त्या वर्षी महापालिका झाली. आडगाव, म्हसरूळ, मखमलाबाद, पाथर्डी ही तेव्हा मळ्यांची गावं. बांधावरचा कडुनिंब आदल्या दिवशीपर्यंत शेतकऱ्याच्या मर्जीवर होता, तो हद्दवाढीने महापालिकेच्या परवानगीखाली आला. पुढे मळ्यांचे प्लॉट पडले, बांध गेले. काही झाडं मात्र राहिली, आणि आज कॉलनीच्या वळणावर अडचणीची वाटतात ती हीच.

तिसरा टप्पा २०२१ चा. १९७५ च्या कायद्याला त्या वर्षी झालेल्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडाला ‘हेरिटेज’ दर्जा दिला आणि झाड तोडलंच, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट घातली. वय काढायचं ते मुख्यतः घेरावरून. आंब्याच्या सरळ खोडाला टेप लावता येते. वडाच्या पारंब्या जमिनीत उतरून त्यांचीच खोडं होतात, मग मूळ खोड कुठलं नि घेर कशाचा धरायचा?

उंटवाडीच्या म्हसोबाजवळचा वड २०२२ मध्ये चर्चेत आला तो याच पार्श्वभूमीवर. उड्डाणपुलाच्या आड येणारं हे झाड दोनशे वर्षांचं असल्याचं सांगितलं जातं. नागरिकांनी आवाज उठवला, तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी वड वाचवण्याची ग्वाही दिली.

तपोवनात २०२५ च्या अखेरीस वाद झाला त्याचं स्वरूप निराळं होतं. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी, म्हणजे साधूंच्या तात्पुरत्या वसाहतीसाठी, अठराशेच्या आसपास झाडं तोडण्याचा प्रश्न होता आणि जुनी झाडं राखू, असं प्रशासन सांगत होतं. हेरिटेजच्या व्याख्येची ही दुसरी बाजू. म्हाताऱ्या झाडाला तिने मान दिला, पण दहा-पंधरा वर्षांचं झाड त्यामुळे किरकोळ वाटू लागलं. १९७५ च्या कायद्यात परवानगीची अट त्यालाही आहेच.