लहान कॉटेजचा नकाशा आणि पावलांचा हिशेब

इंग्लंडच्या बाथ शहरातली रॉयल क्रेसेंट ही भव्य, कमानीसारखी वळलेली घरांची रांग ज्याने उभारली, त्याच जॉन वुड (धाकटा) याने मजुरांच्या कॉटेजच्या नकाशांचं पुस्तकही केलं. साल १७८१. त्यासाठी तो मजुरांच्या घरी गेला, कुठे काय अडतं हे त्यांनाच विचारलं. ज्याच्यासाठी घर आखायचं त्याच्या जागी मनाने स्वतःला उभं केल्याशिवाय सोयीचा नकाशा निघत नाही, असं त्याने लिहून ठेवलं आहे. माझ्या मते अगदी लहान घरांच्या आखणीचा सगळा इतिहास या वाक्याभोवती फिरतो.

वुडचे नियम हवेतले नव्हते. घराची आतली रुंदी १२ फुटांहून जास्त नको; त्याहून रुंद घराच्या छपराचे वासे नुसत्या मधल्या आडव्या लाकडावर पेलले तर भिंती बाहेर ढकलल्या जाण्याची भीती. दाराला आडोसा हवा, उजेड पूर्वेकडून किंवा दक्षिणेकडून यावा. आईवडील, मुलगे आणि मुली यांची झोपायची सोय वेगळी असावी. एवढ्या अरुंद घरात खोल्यांमागे खोल्या येत नाहीत, म्हणून बोळही लागत नाही. आजही लहान कॉटेज आखताना बोळाला दिलेली जागा वाया गेली असंच समजावं.

१८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात हेन्री रॉबर्ट्स या वास्तुकाराने राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याच्यासाठी चार कुटुंबांची आदर्श घरं बांधून दाखवली. त्यात मुलांच्या खोल्या बैठकीच्या खोलीतून उघडतात, म्हणजे त्यांच्यावर नजर राहते. आईवडिलांच्या खोलीची वाट मात्र धुण्याभांड्यांच्या खोलीतून जाते. घरात कुणी आजारी असलं तर त्याला गडबडीपासून दूर ठेवता यावं म्हणून. दार कोणत्या भिंतीत काढायचं याचा इतक्या आपुलकीने केलेला विचार आजच्या पुष्कळ नकाशांत सापडत नाही.

१९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोत बेघरांसाठी रेडवूड लाकडाची ५,६१० छोटी घरं उभी राहिली. सर्वांत लहान साधारण १४० चौरस फुटांचं. ती तंबूंच्या जागी, हिवाळ्याआधी द्यायची होती, आखणीला वेळ नव्हता. पुढे छावण्या बंद झाल्या तेव्हा लोकांनी ही घरं गाड्यांवर चढवून आपापल्या जागेवर नेली आणि दोन-तीन घरं एकमेकांना जोडून एक केलं. लहान घर वाढणार हे गृहीत धरून एक भिंत मोकळी ठेवावी, हा धडा राहणाऱ्यांनीच दिला.

मोजमापाने विचार करण्याने जोर धरला तो १९२० च्या दशकात, जर्मनीत. पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई होती, पैसा नव्हता. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईने फ्रँकफुर्टच्या वसाहतींसाठी जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब स्वयंपाकघर आखलं. आगगाडीतल्या भोजनडब्याचं स्वयंपाकघर तिच्यासमोर होतं. कोणत्या कामाला किती पावलं पडतात हे मोजून ओटा, कपाटं आणि खण बसवले होते. दोष एकच, पण मोठा: तिथे दुसरं माणूस हाताशी उभं राहू शकत नाही.

त्याच सुमारास वास्तुकार अलेक्झांडर क्लाइनने केलेलं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. १९२८ साली त्याने रुळलेल्या पद्धतीचा एक नकाशा आणि स्वतःचा एक नकाशा शेजारी मांडले आणि घरातल्या माणसांच्या ये-जा करण्याच्या रेषा दोन्हींवर काढल्या. पहिल्यात रेषांचा गुंता झाला. दुसऱ्यात झोपणं-अंघोळ यांची वाट आणि स्वयंपाक-जेवण-बैठक यांची वाट एकमेकींना छेदत नाहीत. पेन्सिल आणि कागद एवढ्यावर कुणालाही करता येईल अशी ही परीक्षा आहे. पलंगापासून संडासापर्यंतची, ओट्यापासून जेवणाच्या टेबलापर्यंतची रेष काढून बघा. नकाशा कुठे अडतो ते लगेच दिसतं.

प्रसिद्ध वास्तुकार ल कॉर्बुझिएने १९५१-५२ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी बांधलेली लाकडी खोली, काबानों, अशा चर्चेत हमखास येते. ३६६ सेंटिमीटरचा चौरस, उंची २२६. मधल्या लहान चौरसाभोवती २२६ बाय १४० चे चार आयत फिरवल्यासारखे मांडले आहेत. मांडणी सुरेखच आहे, पण तिची नक्कल करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये: तिथे स्वयंपाकघर नाही. जेवणाची सोय भिंतीपलीकडच्या उपाहारगृहात होती आणि तिकडे जायला थेट दार होतं.

अमेरिकेतल्या २००५ च्या कतरिना वादळानंतर घरांचे नकाशे आखणाऱ्या मारियान क्युसाटो हिने ३०८ चौरस फुटांचं कॉटेज आखलं. त्याला पुढे ओसरी आहे, आणि पुढच्या काही नमुन्यांत नंतर खोल्या जोडण्याची सोयही ठेवली. अमेरिकेच्या आदर्श निवासी बांधकाम नियमावलीत २०१८ साली ४०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांसाठी वेगळं परिशिष्ट आलं. त्यात झोपायचा माळा किमान ३५ चौरस फुटांचा असावा असं ठरलं, आणि त्यावर चढायला जहाजावरच्यासारखी उभट शिडीही चालेल असं मान्य झालं.