अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांत आर्थिक मदतीसह प्रवेश: मुंबईतल्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

हार्वर्डमध्ये २०२५-२६ साली शिक्षण शुल्क, वसतिगृह आणि जेवण मिळून खर्च ८६ हजार डॉलरांच्या वर होता. रुपयांत साधारण ७५ लाख, तेही एका वर्षाचे. हा आकडा ऐकला की परळ असो वा कांदिवली, बहुतेक घरांत विषय तिथेच मिटतो. तो मिटू नये म्हणून हे लिहिते आहे. ज्या घराचं वार्षिक उत्पन्न आठ-दहा लाख आहे, त्या घराकडून हे विद्यापीठ ७५ लाखांची अपेक्षाच करत नाही. ज्यांचं उत्पन्न वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत आहे आणि मालमत्ता सर्वसाधारण आहे, अशा कुटुंबांकडून काहीही घ्यायचं नाही, हे धोरण हार्वर्डने २०२५-२६ पासून लागू केलं. मदतीचे नियम परदेशी विद्यार्थ्यांनाही तेच आहेत.

प्रवेश मिळणं मात्र फार कठीण आहे. हार्वर्डमध्ये शंभरातल्या साधारण चारजणांनाच प्रवेश मिळतो. म्हणून सीईटी, जेईई किंवा इथल्या पदवीची तयारी सोडून हा मार्ग धरू नका. दोन्ही सोबत चालवा.

कोण अर्ज करू शकतं

बारावीत असलेला किंवा बारावी झालेला कोणत्याही बोर्डाचा आणि कोणत्याही शाखेचा विद्यार्थी अर्ज करू शकतो. टक्केवारीची अट नाही. एखादं वर्ष मध्ये गेलं असलं तरी चालतं, पण त्या वर्षात काय केलं ते लिहावं लागतं. बारावीनंतर इथे इंजिनीअरिंगला किंवा बीएस्सीला प्रवेश घेऊन वर्ग सुरू झाले असतील, तर बहुतेक ठिकाणी तुम्ही बदली विद्यार्थी म्हणजे ट्रान्सफर ठरता. तिथे जागा मोजक्या असतात आणि मदतीचे नियमही वेगळे असतात. एक वर्ष थांबून अर्ज करायचा विचार असेल, तर कुठेतरी नाव घालून ठेवण्याआधी हे तपासा.

फाफसा हा अमेरिकी सरकारी मदतीचा अर्ज आहे, तो भरायची गरज नाही. क्वेस्टब्रिज हा गरजू मुलांना अमेरिकी कॉलेजांशी जोडणारा कार्यक्रमही भारतात शिकणाऱ्या मुलांसाठी नाही. जे. एन. टाटा एंडाउमेंट मुंबईतलंच आणि १८९२ पासूनचं, पण ते पदव्युत्तर शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देतं. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसुद्धा अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे. बारावीनंतर लगेच उपयोगी पडेल अशी एक म्हणजे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातली टाटा स्कॉलरशिप, जी खास गरजू भारतीय विद्यार्थ्यांसाठी आहे.

कॉलेज निवडण्याआधी एक फरक

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ब्राउन, अ‍ॅमहर्स्ट आणि बोडन ही विद्यापीठं आणि कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याचा प्रवेश ठरवताना तो पैसे मागतोय का, हे बघत नाहीत, आणि प्रवेश दिला की कुटुंबाची गरज पूर्ण भागवतात. याला नीड-ब्लाइंड म्हणतात. स्टॅनफर्ड, कोलंबिया, पेन, कॉर्नेल, ड्यूक, विल्यम्स, पोमोना ही दुसऱ्या प्रकारची. प्रवेश दिलेल्याची पूर्ण गरज तीही भागवतात, पण निवड करताना मदतीची मागणी विचारात घेतात. तिथे जास्त मदत मागणाऱ्याची वाट अरुंद होते, हे खरं आहे.

त्यावर काही सल्लागार सांगतात, ‘मदत मागूच नका, आधी प्रवेश तर मिळवा, पैशांचं नंतर बघू.’ हा सल्ला धोक्याचा आहे. प्रवेशाच्या अर्जासोबत मदत मागितली नाही, तर दुसऱ्या प्रकारच्या अनेक कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याला पुढची चारही वर्षं ती मागता येत नाही. म्हणून गरज असेल तर पहिल्याच दिवशी मागा, आणि खरी जितकी आहे तितकी मागा.

आयव्ही लीग या जुन्या, नामांकित विद्यापीठांच्या गटातली आठही विद्यापीठं गुणवत्तेची किंवा खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत. तिथली सगळी मदत घरच्या परिस्थितीवर ठरते. ९८ टक्के मिळाले म्हणून रक्कम वाढत नाही आणि ८८ मिळाले म्हणून कमी होत नाही.

शाळा आणि ज्युनिअर कॉलेजकडची कागदपत्रं

मुंबईतल्या राज्य मंडळाच्या मुलांची खरी दमछाक इथे होते. अमेरिकेत नववी ते बारावी ही चार वर्षं एकाच शाळेत होतात. आपल्याकडे नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात. म्हणजे गुणपत्रकं दोन ठिकाणांहून गोळा करायची. नववीचं प्रगतिपुस्तक बऱ्याच घरांत सापडतच नाही. अकरावीतच जुन्या शाळेत जा, हेडक्लार्कना भेटा आणि नववीच्या निकालाची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या. शाळेचं जनरल रजिस्टर आणि निकालपत्रकं ऑफिसात असतात, पण मे महिन्याच्या सुट्टीत ती काढून देणारं कोणी भेटेलच असं नाही.

बहुतेक विद्यापीठांचा अर्ज कॉमन अ‍ॅप या एकाच पोर्टलवर भरता येतो. ते दरवर्षी १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडतं आणि त्यावर वीस कॉलेजांपर्यंत अर्ज करता येतो. एमआयटीचं पोर्टल मात्र स्वतःचं आहे. कॉमन अ‍ॅपवर शाळेतर्फे एक काउन्सेलर लागतो. आपल्या ज्युनिअर कॉलेजांत असं पद नसतं, तेव्हा उपप्राचार्य, पर्यवेक्षक किंवा वर्गशिक्षक ते काम करू शकतात. तुमचं गुणपत्रक, शाळेची माहिती आणि तुमच्याबद्दलचं पत्र अपलोड करायचं काम त्यांचं. शिवाय बहुतेक ठिकाणी विषय शिकवणाऱ्या दोन शिक्षकांची पत्रं लागतात. क्लासमधल्या सरांचं पत्र याची जागा घेऊ शकत नाही. इंटिग्रेटेड पद्धतीत, म्हणजे हजेरी कॉलेजची आणि शिकणं क्लासमध्ये, असं असेल तर ज्युनिअर कॉलेजातल्या शिक्षकांना तुम्ही ओळखीचेही नसता. हा मार्ग धरायचा असेल तर अकरावीपासून कॉलेजात बसा, वर्गात प्रश्न विचारा, प्रयोगशाळेत वेळ द्या. पत्र त्यातूनच निघतं.

शिक्षकांना एक कागद टाइप करून द्या: तुम्ही त्यांच्या विषयात काय केलं, कोणता प्रकल्प, कुठे अडलात, काय वाचलंत. इंग्रजीत लिहायची सवय नसलेल्या सरांनाही त्याचा आधार होतो. पत्र मात्र त्यांनीच लिहावं आणि त्यांनीच पाठवावं. शिक्षकाच्या नावाने स्वतः खातं उघडून पत्र टाकणं ही फसवणूक आहे, उघडकीस आली तर प्रवेश रद्द होतो. शिक्षकांचा ई-मेल कॉलेजच्या नावाचा असला तर उत्तम.

सोबत शाळेची माहिती देणारं एक पान जोडा: मंडळ कोणतं, पास होण्यासाठी किती गुण, डिस्टिंक्शन कधी, वर्गात मुलं किती. अमेरिकेत ९० टक्के ही सहज मिळणारी गोष्ट समजली जाऊ शकते. महाराष्ट्र मंडळाच्या विज्ञान शाखेत त्याचं वजन काय, हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

आता नावाची गोष्ट. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुमचं नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि दिलेल्या नावात वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. सॅट (अमेरिकी कॉलेजांच्या प्रवेशासाठीची परीक्षा), कॉमन अ‍ॅप आणि आर्थिक अर्ज या तिन्ही ठिकाणी पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा. पासपोर्ट नसेल तर अकरावीच्या दिवाळीपर्यंत काढा. मुंबईत अंधेरी, मालाड आणि लोअर परळला पासपोर्ट सेवा केंद्रं आहेत. पोलीस पडताळणीला वेळ धरा, विशेषतः भाड्याच्या घरात राहत असाल आणि पत्त्याचा पुरावा गावचा असेल तर.

परीक्षा

सॅट आता लॅपटॉपवर होते. हार्वर्ड, एमआयटी, ब्राउन, स्टॅनफर्ड इथे सॅट किंवा तशीच दुसरी परीक्षा एसीटी पुन्हा सक्तीची झाली आहे. कोलंबियात ऐच्छिक आहे. बारावीच्या ऑगस्ट किंवा ऑक्टोबरपर्यंत ती आटपावी. इंग्रजीची परीक्षा सगळीकडे लागत नाही. दहावी मराठी माध्यमातून झालेल्यांनी घाबरू नये. येलमध्ये, उदाहरणार्थ, प्रवेशापर्यंत दोन वर्षं इंग्रजीतून शिक्षण झालं असेल तर ही परीक्षा माफ आहे, आणि अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतूनच होतं.

निबंध आणि उपक्रमांची यादी

मुख्य निबंध ६५० शब्दांपर्यंतचा. उपक्रमांसाठी दहा जागा असतात. त्यांच्या प्रकारांत कौटुंबिक जबाबदाऱ्या हाही एक आहे, आणि आपली मुलं नेमका तोच सोडतात. आजीला रोज इन्सुलिन देणं, संध्याकाळी वडिलांच्या दुकानात हिशोब पाहणं, धाकट्या भावाला सांभाळून आईला कामावर जाऊ देणं, मंडळाच्या गणपतीत वर्गणीचा हिशोब ठेवणं, हे सगळं लिहिण्यासारखं आहे. आठवड्याला किती तास, वर्षातून किती आठवडे, हे खरं लिहा. पैसे मोजून मिळवलेल्या परदेशी शिबिरांच्या प्रमाणपत्रांपेक्षा मला अशा नोंदी कितीतरी बोलक्या वाटतात.

पैशांची कागदपत्रं

आर्थिक मदतीचा मुख्य अर्ज म्हणजे सीएसएस प्रोफाइल. तो १ ऑक्टोबरला उघडतो. पहिल्या कॉलेजसाठी २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकासाठी १६. हे जड जात असेल तर कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला साधा, स्पष्ट ई-मेल करा. काही कॉलेजं फी माफीचा कोड पाठवतात. प्रवेश अर्जाची फी माफ करण्याची सोय कॉमन अ‍ॅपवर आहे आणि अनेक विद्यापीठं ती परदेशी विद्यार्थ्यांनाही देतात.

आकडे रुपयांतच भरता येतात. आईवडिलांना शेजारी बसवून भरा, कारण प्रश्न घरातले आहेत: पगार, बोनस, बँकेतली शिल्लक, एफडी, पीएफ, सोनं गहाण ठेवलं असेल तर ते कर्ज, घर कधी आणि कितीला घेतलं, आज किती फेडायचं आहे. मुंबईत इथेच माणूस थबकतो. वडाळ्याच्या जुन्या इमारतीतलं वनबीएचके बाजारात दीड कोटीचं, आणि घरात येणारा पगार पन्नास हजार. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन राहत्या घराची किंमत मदतीच्या हिशोबात धरत नाहीत. इतर ठिकाणी धरली जाऊ शकते, तेव्हा मालकी नेमकी काय आहे ते लिहा: पागडीचं घर, म्हाडाचं, एसआरएचं, की मूळ मालकी आजोबांच्या नावावर. अर्जाच्या शेवटी विशेष परिस्थिती लिहायला जागा असते. गावी आजी-आजोबांना पाठवायचे पैसे, आजारपणाचा खर्च, बहिणीची कॉलेज फी, सुटलेली नोकरी हे तिथे आकड्यांसह मांडा.

सोबत ठेवायची कागदपत्रं: दोन वर्षांचे आयकर परतावे, म्हणजे पावतीबरोबर संपूर्ण फॉर्मही, फॉर्म १६, अलीकडच्या पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेची स्टेटमेंट्स, मालकाचं उत्पन्नाचं पत्र, सोसायटीचं बिल किंवा भाडेकरार, कर्जाचं स्टेटमेंट. परतावा भरत नसाल तर तसं सहीचं निवेदन आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला द्या. हा दाखला आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून मिळतो. रिक्षा चालवणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, फेरीचा धंदा करणाऱ्या पालकांनी महिन्याची मिळकत एका वहीत सहा महिने लिहून ठेवावी, म्हणजे निवेदनातले आकडे भक्कम होतात. गावी जमीन असेल तर सातबारा लागू शकतो. दाखला, सातबारा अशा मराठी कागदांसोबत इंग्रजी भाषांतर जोडा. आई आणि वडील वेगळे राहत असतील तर अनेक कॉलेजं दोघांकडूनही माहिती मागतात. एकाशी संपर्कच नसेल तर सूट मागण्याचा वेगळा अर्ज असतो.

प्रवेश अर्जाची लवकरची मुदत साधारण १ नोव्हेंबर, नेहमीची जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. आर्थिक अर्जाची मुदत प्रत्येक ठिकाणी वेगळी, ती कागदावर लिहून भिंतीवर लावा. जानेवारीत हे सगळं आणि फेब्रुवारीत बारावीची परीक्षा येते, म्हणून पैशांची फाइल दिवाळीच्या सुट्टीत पूर्ण झालेली बरी. कुठे अडलात तर अमेरिकेतल्या शिक्षणाबद्दल सल्ला देणाऱ्या, मुंबईतल्या एज्युकेशनयूएसए केंद्राचं मार्गदर्शन घ्या. लाखभर रुपये फी सांगणाऱ्या एजंटकडे जाण्याआधी तिथे जा.

निवड झाल्यावर

निकाल मार्चअखेर लागतात, होकार १ मेपर्यंत कळवायचा असतो. मदतीच्या पत्रात चार गोष्टी शोधा: आरोग्य विमा धरला आहे का, विमानाचं तिकीट धरलं आहे का, विद्यार्थ्याने स्वतः कमवायची रक्कम किती, आणि कर्ज आहे का. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं. शिष्यवृत्तीतला जो भाग राहण्या-जेवणासाठी असतो, त्यावर अमेरिकेत कर लागतो आणि तो साधारणपणे १४ टक्क्यांनी कापला जातो. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन म्हणजे ठरावीक रकमेची वजावट मिळते, म्हणून तिथे परतावा भरायचाच. रक्कम अपुरी वाटली तर १ मेच्या आत नवी कागदपत्रं जोडून फेरविचार मागता येतो. असा विनंती अर्ज केल्याने प्रवेश जात नाही.

मग कॉलेज आय-२० म्हणजे व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र पाठवतं. परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची ३५० डॉलर सेव्हिस फी, व्हिसाचा ऑनलाइन अर्ज म्हणजे डीएस-१६० फॉर्म, १८५ डॉलर व्हिसा फी आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. तिथे मदतीचं पत्र आणि आय-२० वरचा आकडा जुळला पाहिजे. बारावीचा निकाल लागला की अंतिम गुणपत्रक ज्युनिअर कॉलेजनेच पाठवायचं असतं, तेव्हा अपलोड करणारे शिक्षक सुट्टीत कुठे असतील आणि त्यांचं लॉगिन चालू आहे ना, हे एप्रिलमध्येच विचारून ठेवा.