जपानमध्ये आई-वडील अचानक आजारी पडले तर: ११९, कागदपत्रं आणि भाषेचा अडसर

टोकियोच्या निशी-कासाईत, योकोहामात किंवा नागोयात नोकरीला असलेल्या मुला-मुलीकडे आई-वडील राहायला जातात. व्हिसा अल्प मुक्कामाचा, फार तर ९० दिवसांचा. युरोपच्या शेंगेन व्हिसाला ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो. जपानच्या व्हिसाला तशी सक्ती नाही, त्यामुळे बरेच जण विमा न काढताच विमानात बसतात. मग एखाद्या दुपारी मुलगा ऑफिसात असताना बाबांच्या छातीत दुखू लागतं, आणि घरात जपानी कुणालाच येत नसतं.

कोणाला काय मिळतं

ॲम्ब्युलन्स सगळ्यांना मिळते. नंबर ११९, आगीसाठीही तोच. नागरिकत्व, व्हिसा, विमा यातलं काहीही विचारलं जात नाही आणि गाडीचे पैसे नाहीत. पैसे लागतात ते हॉस्पिटलचे, आणि तिथे दोन गट पडतात.

तीन महिन्यांपेक्षा जास्त काळाच्या व्हिसावर राहणाऱ्याला सार्वजनिक आरोग्य विमा घ्यावाच लागतो. तो कंपनीमार्फत मिळतो, नाहीतर पत्ता नोंदवल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात, म्हणजे 'कुयाकुशो'त जाऊन घ्यायचा. त्यात बिलाचे ३० टक्के आपण भरायचे, शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांसाठी २० टक्के. २ डिसेंबर २०२४ पासून जुनी विमा कार्डं देणं बंद झालं आहे. आता 'माय नंबर कार्ड', म्हणजे जपानचं सरकारी ओळखपत्र, चालतं, ते नसेल तर 'शिकाकु काकुनिनशो' हे पात्रतेचं पत्र.

भेटीला आलेल्या आई-वडिलांना या विम्यात बसवता येत नाही. 'मुलाच्या कंपनीचा विमा आहे ना' हा समज फार पसरलेला आहे, पण एप्रिल २०२० पासून आश्रितालाही जपानचं वास्तव्य असावं लागतं. म्हणजे पाहुण्याचं बिल १०० टक्के स्वतःचं. त्यातही विम्याबाहेरच्या रुग्णाचा दर ठरवायची हॉस्पिटलला मुभा आहे. सार्वजनिक विम्यात प्रत्येक उपचाराची किंमत गुणांत मोजतात, आणि एक गुण म्हणजे १० येन. विमा नसलेल्या परदेशी पाहुण्याला काही हॉस्पिटलं तोच गुण २० किंवा ३० येनांनी लावतात.

निघण्याआधी करायचा कागद

भाषेची अर्धी अडचण पुण्यात किंवा नाशकातच एका पानावर सोडवता येते. हे पान इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, शक्य असेल तर शेजारी जपानीत. त्यावर पासपोर्टप्रमाणे नाव, जन्मतारीख, रक्तगट, आजार, झालेली ऑपरेशनं, ॲलर्जी, चालू औषधं, आणि जपानमधल्या दोन माणसांचे फोन नंबर.

औषधांची नावं मूळ द्रव्याची लिहा: मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा. आपल्याकडच्या ब्रँडची नावं तिथल्या डॉक्टरला काहीच सांगत नाहीत. 'रक्त पातळ करणारी गोळी' एवढं लिहिणं तर धोक्याचं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि वॉरफेरिन यांच्यात फरक आहे आणि ऑपरेशनचा निर्णय त्यावर ठरतो. साखरेचे आकडे जसेच्या तसे चालतील, कारण जपानमध्येही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर हेच एकक आहे. तारखेत मात्र घोळ होतो: जपानी माणूस वर्ष, महिना, दिवस या क्रमाने वाचतो. म्हणून महिना अक्षरात लिहा.

गोळ्या स्वतःपुरत्या एक महिन्याच्या नेता येतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं त्याहून जास्त न्यायची असतील, आणि तीन महिने राहणाऱ्याला ती लागतातच, तर 'युन्यू काकुनिनशो' हे आयात प्रमाणपत्र निघण्याआधी ऑनलाइन मागवावं. डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची माहिती आणि विमानाचा तपशील जोडावा लागतो. १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची गोळी जपानमध्ये नेण्यास बंदीच आहे. कोडीनवाल्या खोकल्याच्या औषधाचंही प्रमाण आधी तपासा.

विम्याची पॉलिसी घेताना आधीपासूनचे आजार, म्हणजे बीपी आणि मधुमेह, खरे सांगा. लपवलेला मधुमेह हॉस्पिटलच्या पहिल्याच रक्ततपासणीत उघडा पडतो आणि दावा तिथेच अडतो. विमा राहूनच गेला असेल तर जपानमध्ये उतरल्यावर घेता येणारी पॉलिसी तिथल्या मोठ्या विमा कंपन्या विकतात. अर्थात ती आजारी पडण्याआधी घ्यायची.

११९ ला फोन

पहिली फसगत इथे होते. प्रवाशांना मिळणारी बरीच ई-सिम फक्त डेटाची असतात, त्यांवरून ११९ लागत नाही. ०५० ने सुरू होणाऱ्या इंटरनेट नंबरांवरूनही साधारणपणे लागत नाही. आई-वडिलांच्या फोनमध्ये कॉल करता येणारं सिम आहे का, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्या. फोन नसेल तर हॉटेलचा काउंटर, कोपऱ्यावरचं कोन्बिनी दुकान, पोलिसांची छोटी चौकी म्हणजे 'कोबान', किंवा सार्वजनिक फोन. हिरव्या सार्वजनिक फोनवर लाल बटण दाबून ११९ फिरवलं की नाणं लागत नाही.

पलीकडून पहिला प्रश्न येतो: 'काजि देस् का, क्यूक्यू देस् का?' आग की आजार? उत्तर: 'क्यूक्यू देस्.' मग 'एइगो दे ओनेगाइ शिमास्', म्हणजे इंग्रजीत बोला. बहुतेक अग्निशमन केंद्रांत दुभाष्याला घेऊन तिघांचं बोलणं जोडायची सोय आहे, इंग्रजी त्यात हमखास असते. जोडणी होईपर्यंत काही सेकंद शांतता पसरते, लोक घाबरून फोन ठेवतात. ठेवू नका.

दुसरा प्रश्न पत्त्याचा. घराचा पत्ता जपानीत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलेला बरा. रस्त्यात असाल तर जवळचं शीतपेयांचं मशीन शोधा. त्यावर ते उभं असलेल्या जागेच्या पत्त्याचं स्टिकर असतं. विजेच्या खांबावरच्या पट्टीवरही भागाचं नाव आणि आकडे सापडतात.

देवनागरीत जपानी उच्चार छान उतरतात, त्याचा फायदा घ्या. ही वाक्यं कागदावर लिहून ठेवा: 'मुने गा इताइ' छातीत दुखतंय. 'इकि गा कुरुशी' श्वास लागलाय. 'इशिकि गा नाइ' शुद्ध नाही. 'ताओरेमाश्ता' कोसळले. 'ची गा तोमारानाइ' रक्त थांबत नाही. मधुमेह म्हणजे 'तोन्योब्यो', उच्च रक्तदाब 'कोकेत्सुआत्सु'. आपले वडील 'चिचि', आपली आई 'हाहा'.

ॲम्ब्युलन्स बोलवायची की नाही हेच कळत नसेल तर टोकियो, ओसाकासह अनेक भागांत #७११९ हा सल्ल्याचा नंबर आहे. जपानी येणारं कुणी जवळ असेल तर हा नंबर जास्त उपयोगी. जपानच्या पर्यटन संस्थेची हेल्पलाइन ०५०-३८१६-२७८७ चोवीस तास इंग्रजीत बोलते आणि परदेशी रुग्ण घेणारं हॉस्पिटल शोधून देते. पण छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं यात हेल्पलाइनवर वेळ घालवू नका. थेट ११९.

गाडी दारात उभीच का राहते

पथक येतं, रुग्णाला गाडीत घेतं आणि गाडी हलतच नाही. नातेवाइकांचा जीव वरखाली होतो. कारण असं की पथक आधी हॉस्पिटलांना फोन करून 'या रुग्णाला घेता का' असं विचारतं, आणि होकार आल्यावरच निघतं. रात्री, सुट्टीच्या दिवशी यात बराच वेळ जाऊ शकतो. औषधांची यादी आणि आजारांचं पान हातात असेल तर पथकाला हॉस्पिटलच्या प्रश्नांची उत्तरं लगेच देता येतात. यादीचा खरा उपयोग या मिनिटांत होतो. हॉस्पिटल आपण निवडायचं नसतं.

सोबत घ्यायचं: पासपोर्ट, पॉलिसी, औषधं, पैसे आणि रुग्णाचे बूट. बूट का? जपानी घरात सगळे अनवाणी, माणूस स्ट्रेचरवरून तसाच जातो आणि रात्री दोनला तपासून सोडून दिल्यावर परत जायला पायात काही नसतं. ॲम्ब्युलन्स परत सोडायला येत नाही.

पथकाकडे बोललेलं भाषांतर करणारं 'क्यूक्यू व्हॉइसट्रा' ॲप बहुतेक ठिकाणी असतं. त्यात ठरलेली आपत्कालीन वाक्यं आहेत, पण मराठी नाही. सोपी, तुटक इंग्रजी वाक्यं बोला.

डॉक्टरांसमोर: मराठी दुखणं इंग्रजीत कसं सांगायचं

ॲपवर मराठीतून बोलताना सगळ्यात जास्त घोटाळा आपल्या नेहमीच्या शब्दांनी होतो. आई म्हणते, 'मला घाबरं होतंय.' तिला म्हणायचं असतं धडधड, अस्वस्थपणा, घाम. भाषांतरात उतरतं 'मला भीती वाटते', आणि डॉक्टर हृदयाऐवजी मनाकडे वळू शकतात. 'छातीत भरून आलंय', 'पित्त झालंय', 'अंगात कणकण आहे' हीदेखील याच जातीची. त्याऐवजी जागा बोटाने दाखवा आणि चार गोष्टी सांगा: कुठे, किती वाजल्यापासून, शून्य ते दहात किती, आणि आधी असं झालं होतं का.

वेळ घड्याळातली सांगा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तो हिशेब माणूस शेवटचा ठीकठाक केव्हा दिसला तिथून सुरू होतो. 'सकाळपासून' या उत्तराने डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही.

दुखण्याच्या जातीसाठी मात्र जपानी भाषा आपल्याला जवळची आहे. त्यांच्याकडेही दुखण्याला जोडशब्द आहेत. 'झुकिझुकि' म्हणजे आपलं ठसठसणं, 'चिकुचिकु' म्हणजे टोचल्यासारखं, 'गानगान' म्हणजे डोक्यात घण बसल्यासारखं. डॉक्टर हे शब्द हटकून विचारतात.

नोंदणीत आडनाव आधी लिहिलं जातं आणि ते काताकाना लिपीत जातं. कुलकर्णींचे 'कुरुकारुनि' होतात, देशपांड्यांचे 'देशुपान्दे'. पुकारा झाला तरी ओळखू येत नाही, तेव्हा हातातल्या कार्डावरच्या नंबराकडे लक्ष ठेवा. ऑपरेशन किंवा धोक्याची तपासणी असेल तर 'दोइशो', म्हणजे संमतिपत्र, समोर येतं. ते ॲपवर वाचून सही करू नका. 'इर्यो त्सूयाकु' म्हणजे वैद्यकीय दुभाषा मागा. फोनवरून किंवा व्हिडिओवरून अनेक मोठ्या हॉस्पिटलांत मिळतो, काही ठिकाणी त्याचे पैसे बिलात लागतात. बारा वर्षांच्या नातवाला दुभाषा करणं टाळा. जपानी त्याला उत्तम येत असलं तरी आजोबांच्या मूत्रपिंडाबद्दलचा शब्द त्याला कोणत्याच भाषेत येत नसतो.

बिल आणि दावा

विमा कंपनीच्या मदत केंद्राला दाखल होण्याआधी, ते जमलं नाही तर पॉलिसीत लिहिलेल्या मुदतीत, बऱ्याचदा २४ तासांत, कळवा आणि केस क्रमांक घ्या. कॅशलेस तेव्हाच होतं जेव्हा कंपनीचं हमीपत्र हॉस्पिटल मान्य करतं. छोटी हॉस्पिटलं अनोळखी परदेशी कंपनीचं पत्र घेत नाहीत. तेव्हा आधी भरून मग परतावा मागायचा. रात्री बिल विभाग बंद असतो, मग काही हजार येन अनामत घेऊन हिशेब नंतर करतात. छोट्या दवाखान्यात कार्ड चालेलच असं नाही, रोकड ठेवा.

दाव्याला तीन कागद लागतात. 'शिन्दान्शो', म्हणजे निदानाचं प्रमाणपत्र. त्याचे वेगळे पैसे पडतात आणि ते त्याच दिवशी मिळत नाही, म्हणून दाखल असतानाच इंग्रजीत मागा. 'र्योशूशो', म्हणजे मूळ पावती. आणि 'शिन्र्यो मेइसाइशो', म्हणजे बाबवार तपशील. यांवरचं नाव पासपोर्टशी जुळतंय का हे काउंटरवरच पाहा. भारतात परतल्यावर एक अक्षर बदलून घ्यायला महिने जातात.

बिल बुडवून निघून येऊ नका. बिल थकवून गेलेल्या पाहुण्यांची माहिती हॉस्पिटलं २०२१ पासून इमिग्रेशनकडे पोहोचवतात (सुरुवातीला ही मर्यादा २ लाख येनांची होती) आणि पुढच्या वेळी प्रवेश नाकारला जाऊ शकतो. पैसे खरंच नसतील तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाशी हप्त्यांबद्दल बोला.

भारतीय दूतावास

दूतावास टोकियोत, वाणिज्य दूतावास ओसाकात. तो बिल भरणारा विमा नाही. २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्यातून आपत्कालीन उपचारांना मदत होते, पण ती आर्थिक स्थिती पाहून, खरोखर निराधार भारतीय नागरिकाला. अर्ज करताना पासपोर्ट, व्हिसा, डॉक्टरांचा अहवाल, बिल आणि उत्पन्नाचा पुरावा तयार ठेवा. मुलगा टोकियोत चांगल्या पगारावर असेल तर या वाटेवर फार भिस्त ठेवू नका. उत्तर मिळत नसेल तर परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

परत येताना

हृदयविकार, पक्षाघात किंवा ऑपरेशननंतर विमान कंपनी 'मेडिफ' फॉर्म मागते. त्यातला वैद्यकीय भाग उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरायचा आणि कंपनीच्या डॉक्टरांनी मंजूर करायचा. व्हीलचेअर, ऑक्सिजन लागणार असेल तर तेही त्यातच लिहायचं. व्हिसाचे दिवस संपत आले असतील तर डॉक्टरांचं पत्र घेऊन मुदत संपण्याआधी इमिग्रेशन कार्यालयात मुदतवाढीचा अर्ज द्या. डिस्चार्जचा सारांश बहुधा जपानीत मिळतो. इंग्रजीतलं 'शोकाइजो', म्हणजे पुढच्या डॉक्टरांसाठीचं पत्र, आणि स्कॅनची सीडी वेगळी मागून घ्या. ती सीडी सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.