हंगामाआधीचा काटा: आभासी उपकरणाचा इंटरफेस कसा बांधावा

हिंगणघाट-वणी पट्ट्यातल्या जिनिंगवरचा धर्मकाटा दसरा-दिवाळीनंतर जागा होतो आणि मग होळीपर्यंत त्याला उसंत नसते. भरलेल्या ट्रॉलीचा एकदा काटा, रिकामीचा एकदा. दोन्हींतला फरक म्हणजे कापूस. फलाटाखालच्या लोडसेलवर, म्हणजे भार मोजणाऱ्या सेन्सरवर पडलेला भार इंडिकेटर आकड्यात दाखवतो आणि मागच्या आरएस-२३२ पोर्टमधून, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या सिरियल पोर्टमधून तोच आकडा काटाघरातल्या संगणकाकडे पाठवत राहतो. पावती छापणारं सॉफ्टवेअर या वायरीवर जगतं.

पंचाईत वेळेची आहे. सॉफ्टवेअरची डागडुजी करायला सवड मिळते ती आषाढ-श्रावणात, आणि तेव्हा काट्याभोवती गवत वाढलेलं असतं, ट्रॉली एकही नसते. हंगामात ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर जाते, तेव्हा काट्याला हात लावू देणार कोण? म्हणून नसलेला काटा संगणकातच उभा करायचा. पावतीच्या सॉफ्टवेअरला तो खऱ्यासारखाच दिसला पाहिजे आणि खऱ्यासारखाच बिघडलाही पाहिजे. हा दुसरा भाग बहुतेक जण विसरतात.

लिनक्समध्ये उपकरणाचा ड्रायव्हर सहसा कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात राहतो. तिथली एक चूक अख्खं यंत्र बंद पाडू शकते. पण कर्नलने काही दारं ठेवली आहेत, ज्यांतून साधा प्रोग्रॅमही उपकरणाचं सोंग घेऊ शकतो. प्रोग्रॅम पडला तर तो एकटाच पडतो. कीबोर्ड-माउससाठी यूइनपुट आहे, नेटवर्क कार्डासाठी टन-टॅप, डिस्कसाठी २०२२ मध्ये आलेलं यूब्लॉक. फाइलप्रणालीसाठी २००५ मध्ये फ्यूज आलं, आणि त्याच पायावर कुठलंही कॅरेक्टर डिव्हाइस, म्हणजे बाइटांचा ओघ देणारं-घेणारं उपकरण उभं करू देणारं क्यूज २००९ मध्ये. सिरियल पोर्टसाठी मात्र सगळ्यांत जुनी आणि सोपी वाट आहे ती स्यूडो-टर्मिनलची, बोलीत पीटीवायची.

पीटीवाय म्हणजे दोन टोकांची नळी. एक टोक आपल्या प्रोग्रॅमच्या हातात, त्याला मास्टर म्हणतात. दुसरं स्लेव्ह, ते पावतीच्या सॉफ्टवेअरला सिरियल पोर्ट म्हणून दिसतं. मास्टर उघडायचा, ग्रँटपीटी आणि अनलॉकपीटी ही दोन फंक्शनं चालवायची, मग पीटीएसनेमला स्लेव्हचं नाव विचारायचं. ते डेव्ह-पीटीएस फोल्डरमधला एखादा क्रमांक म्हणून मिळतं. हा क्रमांक दर वेळी तोच येईल याची खात्री नाही, म्हणून त्याला ‘काटा०’ अशी कायम नावाची सिम्लिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारं नाव जोडायची आणि सॉफ्टवेअरला फक्त तेवढंच नाव सांगायचं. नुसती नळीच हवी असेल तर सोकॅट नावाची आज्ञा हे सगळं एका ओळीत करते.

आता खरी गंमत. समजा इंडिकेटरची एक ओळ १५ बाइटची आहे: सुरुवातीची खूण, चिन्ह, सात अंक, वजन स्थिर की हलतं ते सांगणारं एक अक्षर, एककाची दोन अक्षरं, शेवटची खूण आणि ओळ संपल्याचे दोन बाइट. कंपनीगणिक रचना बदलते, पण सुरुवातीला २ आणि शेवटी ३ हे बाइट ठेवायची चाल जुनी आहे. तिथेच घात होतो. पीटीवाय मुळात माणूस टाइप करतो त्या टर्मिनलसाठी बनलेला आहे, आणि टर्मिनलवर ३ हा बाइट म्हणजे कंट्रोल-सी. तो दिसताच कर्नल तो बाइट गिळतं आणि तोवर न वाचलेला मजकूरही पुसून टाकतं. म्हणजे वजन जातं, अंकही जातात, पण पोहोचतं काहीच नाही, आणि माणूस तासभर वायर शोधत बसतो जी मुळात नाहीच. शिवाय इको, म्हणजे टाइप केलेलं परत दाखवायची सवय, चालू असेल तर पाठवलेलं वजन आपल्याच मास्टरकडे परत येतं, आणि १३ हा बाइट मुकाट्याने १० होतो. पोर्ट उघडल्याबरोबर स्लेव्ह रॉ मोडमध्ये, म्हणजे बाइट जसेच्या तसे पुढे देणाऱ्या अवस्थेत टाकला की हे तिन्ही रोग जातात. सीएफमेकरॉ हे फंक्शन त्यासाठीच आहे. पावतीच्या सॉफ्टवेअरने ते करायला हवं हे खरं, पण त्याच्यावर विसंबू नये. आभासी काट्याने स्वतःही करावं.

स्लेव्हचं एक टोक आभासी काट्याने स्वतःकडेही उघडं ठेवावं. नाहीतर पावतीचं सॉफ्टवेअर बंद होताच मास्टरवर वाचताना इनपुट-आउटपुटची चूक येते आणि आपला काटा विनाकारण मरतो.

यानंतरचा फरक वेगाचा. खरा पोर्ट ९६०० बॉडवर (म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, एका बाइटमागे खुणांसह दहा) सेकंदाला ९६० बाइट नेतो, म्हणजे १५ बाइटच्या ओळीला जवळपास १६ मिलिसेकंद लागतात. २४०० बॉडवर हेच ६२ मिलिसेकंदांवर जातं. पीटीवाय बॉडचा आकडा ऐकून घेतो पण पाळत नाही; ओळ एका दमात पोहोचते. त्यामुळे ‘एकदा वाचलं की एक पूर्ण ओळ मिळते’ या गैरसमजावर लिहिलेला कोड श्रावणात बिनबोभाट चालतो आणि कार्तिकात खऱ्या काट्यावर अर्ध्या ओळीचं वजन छापतो. ५६४० किलोंची ट्रॉली ५६४ किलोंची झाली की शेतकरी आणि मापारी एकमेकांवर धावून जातात. म्हणून आभासी काट्याने ओळ मुद्दाम तोडून पाठवावी: आधी चार बाइट, दहा मिलिसेकंदांची उसंत, मग सात, मग उरलेले चार. तोडण्याची जागा दर वेळी बदलावी.

वजनही खऱ्या काट्यासारखं हळूहळू चढू द्यावं. आधी ट्रॅक्टरची पुढची चाकं फलाटावर येतात, मग मागची, मग ट्रॉली. आकडा ७००, २१००, ५७२० असा उसळून हेलकावे खात ५६४० वर बसतो, तोवर स्थितीचं अक्षर ‘हलतं’ सांगत राहतं. काटा पाच-पाच किलोंनी मोजत असेल तर ५६४२ हा आकडा कधीच येऊ नये. आणि उणे वजन विसरू नये. फलाटावर चिखल असताना शून्य केलं आणि नंतर फलाट धुतला की रिकामा काटा उणे १५ दाखवतो. चिन्हाचा बाइट न वाचणारं सॉफ्टवेअर तिथे १५ किलो कापूस तयार करतं.

सगळ्यांत वाईट दोष मात्र शिळ्या वजनाचा. काटा सेकंदाला दहा ओळी पाठवतो म्हणजे १५० बाइट. पावतीचं सॉफ्टवेअर कुणाचं नाव टाइप होईपर्यंत वाचत नाही, आणि तिकडे टर्मिनलचा ४०९६ बाइटचा वाचनबफर, म्हणजे न वाचलेले बाइट साठवायची जागा, २७ सेकंदांत भरतो. त्याच्यामागे आणखी थोडी जागा असते, तीही भरते. मग ‘वजन घ्या’ दाबलं की रांगेतली पहिली ओळ मिळते, आणि ती असते आधीच्या ट्रॉलीची. वजन ही स्थिती आहे, नळाचं पाणी नव्हे: आत्ताचा आकडा सोडून बाकीच्या आकड्यांना किंमत नाही. इंडिकेटरचा साचा बदलणं आपल्या हातात नसतं, म्हणून सॉफ्टवेअरने टीसीफ्लश या फंक्शनने बफर रिकामा करून नंतर आलेली पहिली पूर्ण ओळच घ्यावी. आभासी काट्याने बफर मुद्दाम तुडुंब भरून ते तपासावं.

स्वतःचा इंटरफेस आखायची मुभा असेल तेव्हा हा दोष मुळातच टाळता येतो. क्यूजमध्ये ‘वाच’ ही विनंती थेट आपल्या प्रोग्रॅमकडे येते, तेव्हा एका वाचनाला एक पूर्ण नोंद आणि तीही ताजीच द्यायची असा नियम करता येतो. पोलने, म्हणजे ‘वाचायला काही आहे का’ या प्रश्नाच्या उत्तराने, ‘तयार’ म्हणावं ते वजन स्थिर झाल्यावरच. शून्य करणं, एकक विचारणं, डीटीआर-आरटीएससारख्या (सिरियल पोर्टवर ‘मी तयार आहे’ असं सांगणाऱ्या) रेषांचं उत्तर देणं ही कामं आयऑक्टलची, म्हणजे वाचन-लेखनाखेरीज उपकरणाला द्यायच्या आज्ञांची. या रेषा पीटीवायला येत नाहीत, म्हणून त्यांच्यावाचून अडणारं सॉफ्टवेअर असेल तर क्यूजची वाट धरावी.

आयऑक्टलचा क्रमांक ३२ बिटांचा असतो: ८ बिट क्रमाला, ८ कुळाला, १४ मापाला, २ दिशेला. माप आणि दिशा खरी भरावी. नोंदीत पॉइंटर ठेवू नये, कारण आभासी काटा दुसऱ्याच प्रक्रियेत राहतो आणि त्याला सॉफ्टवेअरच्या मेमरीतला पत्ता निरर्थक असतो. क्यूज त्यातूनही वाट काढतं, पण कर्नलला ‘इथला तुकडा आणून दे’ असं पुन्हा सांगत बसावं लागतं. चार बाइटच्या आकड्यामागे आठ बाइटचा आकडा ठेवला तर इंटेलच्या ३२ बिटी प्रोग्रॅममध्ये नोंद १२ बाइटची होते आणि ६४ बिटीत १६ ची. काटाघरातली जुनी यंत्रं पाहता हे नुसतं पुस्तकी भय नाही. मधली जागा स्वतः शून्यांनी भरावी, आणि वजन पूर्णांकात, ग्रॅममध्ये ठेवावं.

क्यूजची खोड म्हणजे आपला प्रोग्रॅम अडकला की वाचणाराही अडकतो. विनंती आपल्या प्रोग्रॅमने उचलून घेतली असेल तर वाचणाऱ्याला ‘किल −९’ ही प्रोग्रॅम जबरदस्तीने संपवणारी आज्ञाही मारत नाही. मारायचा तो अडकलेला काटा, किंवा सिसएफएसमधल्या (कर्नल उपकरणांची माहिती फाइलींच्या रूपात ठेवतं त्या फोल्डरमधल्या) त्या उपकरणाच्या ‘अबॉर्ट’ फाइलीत काहीतरी लिहायचं. उत्तर देणाऱ्या धाग्याने (थ्रेडने, म्हणजे प्रोग्रॅममध्ये स्वतंत्र चालणाऱ्या कामाने) म्हणून कधीच कुणाची वाट पाहू नये. वजन तयार करणारा धागा वेगळा असावा. एकधागी प्रोग्रॅमने स्वतःचंच उपकरण उघडलं तर तो जन्मभर स्वतःची वाट पाहत बसतो.

काट्याचं सोंग गमतीत घ्यायची गोष्ट नाही, हेही सांगायला हवं. व्यवहाराच्या काट्याची पडताळणी आणि मुद्रांकन वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ खाली होतं. चाचणीचा प्रोग्रॅम खऱ्या खरेदीच्या यंत्रावर ठेवू नये, आणि त्याच्या उपकरणाच्या नावातच ‘चाचणी’ असावं, म्हणजे पावतीवरही ते छापता येईल. यूइनपुटमध्ये हीच सोय बसचा प्रकार ‘व्हर्च्युअल’ लिहून होते.

शेवटची चाचणी लाइट जाण्याची. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरची वीज गेली आणि परत आली तेव्हा सॉफ्टवेअरने जुना पोर्ट सोडलेला नसेल, तर तेच उपकरण ‘यूएसबी०’ ऐवजी ‘यूएसबी१’ होऊन येतं. आभासी काट्यात मास्टर बंद करायचा, पाच सेकंद थांबायचं, नवा पीटीवाय उघडून सिम्लिंक त्याच्याकडे वळवायची. मास्टर बंद झाल्यावर स्लेव्हवर पुन्हा वाचायला गेलं की शून्य बाइट मिळतात. ‘शून्य म्हणजे अजून वजन आलं नाही’ असं समजणारं सॉफ्टवेअर तिथेच गरागरा फिरत प्रोसेसर शंभर टक्क्यांवर नेतं. शून्य आलं की पोर्ट बंद करून सेकंदाने पुन्हा उघडायचा, आणि तोवर पडद्यावर जुनं वजन न ठेवता रिकाम्या रेघा दाखवायच्या.