मृत्यू (टॅरो पत्ता)

मृत्यू : टॅरो पत्त्यांच्या जोडातील तेरावा चित्रपत्ता. ७८ पत्त्यांच्या रूढ जोडात ५६ पत्ते चार रंगांत विभागलेले असतात. उरलेल्या २२ चित्रपत्त्यांपैकी ‘मूर्ख’ वगळता २१ पत्ते मूळ खेळात कायमचे हुकूम मानले जात. हाती विळा, धनुष्य किंवा ध्वज घेतलेला सांगाडा हे या पत्त्याचे स्थिर लक्षण. भविष्यकथनात त्याचा अर्थ आज बहुधा ‘एका पर्वाचा शेवट आणि रूपांतर’ असा सांगतात. हा अर्थ पत्त्याबरोबर जन्मलेला नाही. चित्र पंधराव्या शतकातील आहे, अर्थाची घडण मात्र मुख्यतः गेल्या दीडशे वर्षांतील आहे.

उगम व कालनिर्णय : हुकूमपत्त्यांचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख १४४० मधील असून तो फ्लॉरेन्सचा आहे. त्यानंतर १४४२ मध्ये फेरारा येथील एस्ते घराण्याच्या हिशेबवह्यांत असे जोड नोंदलेले आढळतात. त्या काळी त्यांना ‘त्रिओन्फी’ (विजय) म्हणत. ‘तारोक्की’ हे नाव सोळाव्या शतकाच्या आरंभीचे. फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स याच्यासाठी १३९२ मध्ये झाक्मँ ग्रँगोनर याने पत्ते रंगविल्याची नोंद आहे. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील १७ पत्ते त्याच जोडाचे, असे पुष्कळ काळ मानले जात होते. ते पत्ते इटालियन आणि पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत, हे आता सर्वमान्य आहे. तरीही १३९२ हे वर्ष लोकप्रिय पुस्तकांतून अजून हटलेले नाही.

पत्त्याच्या आरंभीच्या रूपांत एकवाक्यता नाही. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा जोडात (सु. १४५०) सांगाडा उभा आहे, त्याच्या हातात धनुष्य व बाण असून डोक्याला पांढरी पट्टी बांधलेली आहे. या जोडातील ७४ पत्ते उरले आहेत. ते न्यूयॉर्कचे मॉर्गन ग्रंथालय (३५), बेर्गामोची काररारा अकादमी (२६) आणि एक खाजगी संग्रह (१३) असे विखुरलेले आहेत. चित्रे सामान्यतः बोनिफाचो बेम्बो किंवा त्याच्या चित्रशाळेची मानतात. सहा पत्ते नंतरच्या दुसऱ्या चित्रकाराचे आहेत. मृत्यू त्या सहांत नाही, तो मूळ संचातलाच. येल विद्यापीठातील व्हिस्कोंती जोडात मात्र मृत्यू घोड्यावर स्वार होऊन विळा चालवतो आणि माणसे टापांखाली येतात. हा जोड १४२८ च्या विवाहाशी जोडावा की १४४१ च्या, यावर मतभेद आहेत; नंतरची तारीख अधिक संभाव्य दिसते. पॅरिसच्या पत्त्यावरही स्वारच आहे. उभा सांगाडा व स्वार अशा दोन परंपरा आरंभापासून शेजारी शेजारी नांदत होत्या, एवढे निश्चित.

या चित्रांमागे ‘मृत्यूचा विजय’ हा इटालियन चित्रविषय आहे. पालेर्मो येथील पंधराव्या शतकाच्या मध्याच्या भित्तिचित्रात सांगाडा हाडकुळ्या घोड्यावरून बाण सोडतो. पिसाच्या काम्पोसांतो या दफनभूमीतील भित्तिचित्रात मृत्यू म्हणजे वटवाघळाचे पंख असलेली, विळा घेतलेली म्हातारी आहे. १३४८ च्या काळ्या प्लेगमधून ही प्रतिमा उपजली, असे सर्रास लिहिले जाते. परंतु कलेतिहासकार लुचानो बेल्लोसी याने १९७४ मध्ये हे चित्र बुफ्फालमाक्को या चित्रकाराचे आणि १३३० नंतरच्या दशकातील ठरविले. ते मत आता बहुतेकांना मान्य आहे. म्हणजे प्रतिमा प्लेगपूर्वीची ठरते. प्लेगाने तिला फारतर जोर दिला असेल. गर्ट्रूड मोकली हिने १९६६ मध्ये हुकूमपत्त्यांचा क्रम चौदाव्या शतकातील इटालियन कवी पेत्रार्क याच्या ‘त्रिओन्फी’ काव्याशी जोडला. त्या काव्यात प्रेम, शील, मृत्यू, कीर्ती, काल व अनंतत्व एकमेकांवर क्रमाने मात करतात. कल्पना आकर्षक आहे, पण पेत्रार्कचा मृत्यू काळी वस्त्रे ल्यालेल्या स्त्रीच्या रूपात येतो, सांगाड्याच्या नव्हे. त्यामुळे हे काव्य थेट मूळ नसून दोघांची सांस्कृतिक पार्श्वभूमी एक होती, असे म्हणणे अधिक सुरक्षित.

तेरावे स्थान : आरंभीच्या पत्त्यांवर अंक नव्हते; क्रम खेळणारांना पाठ असे. ब्रिटिश तत्त्वज्ञ मायकेल डमेट याने १९८० मध्ये जुन्या याद्यांची तुलना करून तीन क्रमपरंपरा दाखविल्या : बोलोन्या-फ्लॉरेन्सची, फेराराची आणि मिलानची. इतर पत्त्यांची स्थाने या परंपरांत पुढेमागे होतात. मृत्यू तिन्हींत तेरावाच राहतो. फ्लॉरेन्सच्या ९७ पत्त्यांच्या ‘मिंकियाते’ खेळातही तो तेरावा आहे. तेरा हा अंक अशुभ असल्याची समजूत क्रम ठरविताना हिशेबात धरली गेली असावी, असा तर्क यावरून करता येतो.

आधुनिक भाष्यकार मृत्यूनंतर ‘संयम’ हा चौदावा पत्ता येतो यावर मोठी इमारत उभारतात : शेवटानंतर समतोल, मग पुढची वाट. हा क्रम केवळ मिलान परंपरेतला आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, बहुधा फेराराकडील एका लॅटिन प्रवचनात जी यादी आहे, तीत संयम सहावा असून मृत्यूनंतर लगेच सैतान येतो. मार्सेय नमुन्याचे फ्रेंच पत्ते मिलान परंपरेतून आले आणि पुढे गूढवाद्यांच्या हाती तेच पडले, म्हणून तो क्रम ‘मूळचा’ वाटू लागला. तिन्ही परंपरांत समान असलेली गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही : मृत्यू हा सर्वोच्च हुकूम नाही. तो सम्राट व पोप यांच्यावर मात करतो. तारा, चंद्र, सूर्य आणि अंतिम निवाड्याचा देवदूत त्याच्यावर मात करतात. शेवटाच्या पलीकडे काही आहे, हा विचार जर जुन्या पत्त्यांत कुठे असेलच, तर तो खेळाच्या या नियमात आहे.

मार्सेय नमुना : सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रान्समध्ये ठरलेल्या या नमुन्यात काळ्या जमिनीवर सांगाडा विळा फिरवतो. जमिनीवर तुटलेले हात, पाय व दोन मुंडकी असून एका मुंडक्यावर मुकुट असतो. बहुतेक जोडांत या एकाच पत्त्याखाली नाव छापलेले नसते, फक्त अंक असतो. झाँ नोब्ले याच्या सु. १६५० च्या पॅरिस जोडात मात्र नाव आहे. निकोला काँव्हेर याचा १७६० चा जोड हा या नमुन्याचा सर्वपरिचित आदर्श.

गूढवादी अर्थ : फ्रेंच विद्वान कूर द जेबलँ याने १७८१ मध्ये टॅरो हा प्राचीन ईजिप्तचा ग्रंथ असल्याचे प्रतिपादन केले. त्या वेळी ईजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. शाँपोलियाँचा उलगडा १८२२ चा. ती वाचता येऊ लागल्यावरही या मताला आधार मिळाला नाही. जिप्सींमार्फत भारतातून टॅरो गेल्याचे एकोणिसाव्या शतकातील मतही टिकत नाही. युरोपात साधे पत्ते १३७० नंतरच्या दशकात, म्हणजे जिप्सी पश्चिम युरोपात पोहोचण्याआधी, आलेले दिसतात आणि ते ईजिप्तच्या मामलूक राज्यातील पत्त्यांवरून आले. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाशी टॅरोचे नाते जोडणाऱ्यांनी हेही पाहावे, की १२० गोल पत्त्यांच्या त्या जोडात दहा अवतारांचे दहा रंग आहेत, परंतु स्वतंत्र हुकूमपत्त्यांची मालिका नाही. मृत्यूचा पत्ताही अर्थातच नाही.

भविष्यकथनासाठी टॅरो वापरल्याचा सर्वांत जुना पुरावा बोलोन्यातील एक हस्तलिखित पान असून ते १७५० पूर्वीचे मानतात. त्यात मृत्यूचा अर्थ सरळ ‘मृत्यू’ असाच दिला आहे. फ्रेंच भविष्यवेत्ता एतेय्या याने क्रमच बदलून हा पत्ता सतरावा केला. पुढे फ्रेंच गूढवादी एलिफास लेव्ही याने (१८५४–५६) २२ पत्ते हिब्रू वर्णमालेतील २२ अक्षरांशी जुळविले. ‘मूर्ख’ हा अनंकित पत्ता त्याने विसाव्या व एकविसाव्या पत्त्यांच्या मध्ये बसविल्यामुळे मृत्यूला तेरावे अक्षर ‘मेम’ मिळाले. लंडनच्या ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मंडळाने (स्थापना १८८८) मूर्ख अगदी आरंभी ठेवला. सगळी अक्षरे एकेक घर सरकली आणि मृत्यूच्या वाट्याला ‘नून’ आले. ‘सेफेर येत्सिरा’ या यहुदी गूढग्रंथाच्या परंपरेत नूनची रास वृश्चिक आहे. आज या पत्त्याला वृश्चिक रास लावतात, ती या एका घराच्या सरकण्यातून आली. इंग्रज गूढवादी ॲलिस्टर क्रॉली व चित्रकार फ्रीडा हॅरिस यांच्या थोथ जोडात (चित्रे १९३८–४३) विंचू, सर्प, गरुड व मासा दिसतात तेही त्यामुळेच.

वेट-स्मिथ पत्ता : डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या रायडर प्रकाशनाने काढलेल्या जोडात गूढवादी लेखक ए. ई. वेट याची योजना आणि पॅमेला कोलमन स्मिथ (१८७८–१९५१) हिची चित्रे आहेत. काळे चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावरून संथपणे येतो. हातात विळा नाही, काळ्या ध्वजावर पांढरा गुलाब आहे. राजा पडला आहे, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, तरुणी तोंड फिरवते आणि लहान मूल त्याच्याकडे पाहते. मागे नदी, नाव आणि दोन मनोऱ्यांमधला सूर्य. स्मिथ हिचे श्रेय अनेक दशके झाकोळले गेले. या चार माणसांच्या चार प्रतिक्रिया इतक्या थोड्या रेषांत उभ्या करणे हे तिचे कर्तृत्व आहे आणि आजचा अर्थ त्यांच्यावरच उभा आहे.

वेट याने आपल्या विवरणात बदल, रूपांतर आणि खालच्या अवस्थेतून वरच्या अवस्थेत जाणे हा आशय स्पष्ट मांडला, विळेवाला सांगाडा ही ओबडधोबड कल्पना ठरविली आणि सूर्याला अमरत्वाचा सूर्य म्हटले. परंतु त्याच पुस्तकातील भविष्यकथनाच्या यादीत शेवट, मरण, नाश हे अर्थ कायम ठेवले. कुमारिकेसाठी ठरत आलेले लग्न मोडणे हा अर्थही तिथे आहे. उलट्या पत्त्याला त्याने जडत्व, झोप, दगडासारखे गोठणे असे अर्थ दिले. ‘हा पत्ता प्रत्यक्ष मरण कधीच सांगत नाही’ हा आज नियम म्हणून शिकवला जाणारा दंडक वेट याचा नाही. तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मानसशास्त्रीय वळणाच्या टॅरोवाचनात स्थिरावला.

प्रचलित वाचन : सरळ पत्ता आल्यास नोकरी, नाते, घर किंवा जुनी ओळख यांपैकी काही संपल्याचे वा संपवायची वेळ आल्याचे सांगतात, उलटा आल्यास संपलेल्याला धरून राहणे. टॅरोने भविष्य कळते याला शास्त्रीय आधार नाही. तरीही चित्राशी निष्ठा राखायची तर केवळ ‘नवी सुरुवात’ म्हणून पत्ता गोड करून सांगणे योग्य वाटत नाही, कारण राजा खरोखरच पडलेला आहे आणि त्याचा मुकुट धुळीत आहे. आजारपणाचा प्रश्न असताना पत्त्यावरून मरणाचे भाकीत न करण्याचा संकेत जबाबदार वाचक पाळतात, तो रास्तच आहे.

मुंबई-पुण्यात मुख्यतः वेट-स्मिथ जोड व त्याच्या आवृत्त्या वापरल्या जातात आणि मराठी नियतकालिकांतील टॅरो-भविष्यातही रूपांतराचाच अर्थ दिला जातो.