निसर्गसंरक्षण चळवळ, अमेरिकेतील (सु. १८९०–१९२०)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत 'प्रगतिशील युग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काळात जंगले, पाणी, पक्षी व निसर्गस्थळे राखण्यासाठी झालेले सरकारी आणि नागरी प्रयत्न. मक्तेदार कंपन्यांना लगाम घालणे, नगरपालिकांतला भ्रष्टाचार निपटणे, बालमजुरी थांबवणे या सुधारणांच्या बरोबरीनेच हा प्रश्न पुढे आला. त्यामुळे झाडे वाचवण्याइतकाच सार्वजनिक जमीन मूठभर लोकांना लाटू न देण्याचाही हा झगडा होता.

सरकारी जमिनीवर राखीव जंगले घोषित करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना १८९१ च्या कायद्याने मिळाला. थिओडोर रूझवेल्ट (कार्यकाळ १९०१–०९) यांनी तो सढळ हाताने वापरला. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या वनसेवेचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंशो. त्यांना मार्गदर्शन करणारे जर्मन वनतज्ज्ञ डीट्रिच ब्रँडिस हे ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक होते. आपल्याकडच्या वनखात्याची घडीही त्यांनीच बसवली. पश्चिमेकडील सहा राज्यांत नवी राखीव जंगले करण्यास मनाई करणारे कलम काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) १९०७ मध्ये शेतीखात्याच्या खर्चाच्या विधेयकाला जोडले. रूझवेल्ट आणि पिंशो यांनी घाईघाईने नकाशे तयार करवून घेतले, सुमारे १.६ कोटी एकर जंगल राखीव केले आणि मगच विधेयकावर सही झाली. 'मध्यरात्रीची जंगले' हे त्या जंगलांना मिळालेले नाव.

पक्ष्यांची बाजू बरीचशी स्त्रियांनी लढवली, तेही देशभर मताधिकार मिळण्यापूर्वी. टोप्यांवरच्या तुऱ्यांसाठी बगळ्यांची कत्तल होत असे. १८९६ मध्ये बॉस्टनच्या हॅरिएट हेमेनवे व मिना हॉल यांनी ओळखीच्या प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांना अशा टोप्या सोडायला लावले. त्यातून मॅसॅच्युसेट्स ऑडुबॉन सोसायटी ही पक्षिरक्षण संस्था उभी राहिली. १९०३ मध्ये फ्लॉरिडातील पेलिकन बेट पक्ष्यांसाठी राखीव झाले.

'राखणे' म्हणजे काय, यावर मात्र चळवळीत फूट पडली. पिंशोंच्या मते जंगल जपून वापरायचे असते. सिएरा क्लब या निसर्गरक्षण संस्थेचे (१८९२) संस्थापक-अध्यक्ष जॉन म्यूर यांना काही जागा वापराबाहेरच हव्या होत्या. कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील 'हेच हेची' (Hetch Hetchy) नावाच्या खोऱ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यासाठी धरण बांधायचे ठरले, तेव्हा दोघे उघड समोरासमोर आले. शहराची मागणी जुनीच होती. १९०६ च्या भूकंपाने व आगीने तिला जोर आला. शिवाय खाजगी पाणीकंपनीच्या हातून नळ सोडवणे हीदेखील त्या काळची अस्सल सुधारणा होती, त्यामुळे दोन्ही पक्ष लोकहिताचीच भाषा बोलत होते. १९१३ मध्ये परवानगीचा कायदा झाला, पुढच्या वर्षी म्यूर वारले आणि १९२३ मध्ये धरण पुरे झाले. दरम्यान, १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली.

मूळ रहिवाशांना या लोकहितात फारसे स्थान नव्हते. माँटॅनातील ब्लॅकफीट लोकांनी १८९५ च्या करारात डोंगराळ पट्टा सरकारला दिला, तो शिकार, मासेमारी व लाकूडतोडीचे हक्क राखून. १९१० मध्ये तिथे ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान झाले आणि हे हक्क संपले, असे सरकारने धरले.