आठ आकडी परिपूर्ण संख्या

३,३५,५०,३३६ ही संख्या कागदावर लिहा आणि निम्मी करत चला. १,६७,७५,१६८, मग ८३,८७,५८४, असं करत करत बाराव्या खेपेला हाती ८,१९१ येतात आणि गाडी थांबते. ८,१९१ ही मूळ संख्या आहे. म्हणजे आपली संख्या ४,०९६ गुणिले ८,१९१.

आता तिचे विभाजक. १, २, ४ पासून ४,०९६ पर्यंत तेरा विभाजक, त्यांची बेरीज बरोबर ८,१९१. उरलेले तेरा म्हणजे याच तेरांची ८,१९१ पट. त्यातला शेवटचा ही संख्या स्वतःच, म्हणून तो सोडू. बाकीच्या बारांची बेरीज ८,१९१ गुणिले ४,०९५. तिच्यात आधीचे ८,१९१ मिळवले की ४,०९५ चे ४,०९६ होतात आणि सुरुवातीची संख्या जशीच्या तशी परत येते! स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकी भरली, की ती परिपूर्ण संख्या. ही त्यांतली पाचवी.

आधीच्या चार प्राचीन ग्रीकांना ठाऊक होत्या: ६, २८, ४९६ आणि ८,१२८. एकआकडी, दोनआकडी, तीनआकडी, चारआकडी. ग्रीक गणिती निकोमाकसने त्यावरून ठरवलं, की जितके आकडे तितक्या प्रत्येक घरात एकेकच असणार आणि शेवटचा अंक आळीपाळीने ६ आणि ८ येणार. चार उदाहरणं इतकी नेमकी जुळल्यावर कोणालाही तसंच वाटलं असतं. पण पाचवी थेट आठ आकडी निघाली. सहावी ८,५८,९८,६९,०५६ सुद्धा ६ वरच संपते, त्यामुळे आळीपाळीचा नियमही गेला.

मधली एवढी जागा रिकामी का? युक्लिडची कृती अशी: २ चा घात घ्या, १ वजा करा, उत्तर मूळ आलं तर त्याला आधीच्या घाताने गुणा. २, ३, ५, ७ हे घातांक चालतात. पुढचा मूळ घातांक ११ मात्र दगा देतो, कारण २,०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. मग १३ ची पाळी. ८,१९१ मूळ आहे हे तपासणं मला फार आवडतं. तिचा कोणताही मूळ विभाजक २६ ने, म्हणजे १३ च्या दुपटीने, भागल्यावर बाकी १ देणाराच असावा लागतो, आणि ९० पर्यंत (८,१९१ चं वर्गमूळ ९० च्या किंचित वर, त्यापुढे बघायची गरज नाही) अशा मूळ संख्या दोनच आहेत, ५३ आणि ७९. पहिलीने भागल्यास बाकी २९, दुसरीने ५४. संपलं काम.

सम परिपूर्ण संख्या फक्त याच कृतीतून मिळतात, हे अठराव्या शतकातल्या स्विस गणिती ऑयलरने सिद्ध केलं. विषम परिपूर्ण संख्या आजवर एकही सापडलेली नाही, आणि ती नसतेच असंही कोणी सिद्ध केलेलं नाही.

हीच संख्या त्रिकोणीही आहे: १ पासून ८,१९१ पर्यंतची बेरीज. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिली तर सलग तेरा एक आणि त्यामागे बारा शून्यं. शिवाय १, ३, ५ पासून १२७ पर्यंतच्या चौसष्ट विषम संख्यांच्या घनांची बेरीजही हीच. आणि तिचे आठही अंक मिळवून पाहा: २८.